संगीतसूर्य केशवराव भोसले : एका प्रयोगाचे दान

मंडळी, आपल्या फोर्ट विल्यमला आता विजय दुर्ग म्हणतात. कोकणातल्या किल्ल्याचे नाव हुगळीकाठी आले, याचा अभिमान वाटतोच. कोलकाता आणि महाराष्ट्र यांना जोडणारी आणखी एक गोष्ट मात्र आपल्या मुलांना ठाऊक नसते. ती केशवराव भोसले यांची.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. बालवयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने गाजले. १९०८ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली.

सप्टेंबर १९२० मध्ये आपल्या याच कोलकात्यात काँग्रेसच्या विशेष अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला. त्या चळवळीसाठी लोकमान्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड निघाला. उद्दिष्ट होते एक कोटी रुपयांचे! त्या फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी. एका रात्रीत सोळा हजारांहून अधिक रुपये जमले.

मी रेल्वेतला साधा डिप्लोमा इंजिनियर. नाटकातले मला फार कळत नाही. पण मंडळाचा हिशेब ठेवताना मदतीच्या प्रयोगाची अडचण कळते. हॉलचे भाडे, लाइट, मंडप यांतच तिकिटांचे पैसे संपतात. म्हणूनच त्या रात्रीचे मोल मला पैशांहून मोठे वाटते. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, रसिकांतही दोन तट. त्या रात्री केशवराव फिके पडले असते, तर त्याचा फटका उद्या त्यांच्याच कंपनीच्या गल्ल्याला बसला असता. मालक असूनही त्यांनी हा धोका पत्करला. दोघेही गाजले आणि फंडाचा फायदा झाला.

पुढे तीन महिनेही झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. कोल्हापुरातील त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे जयंतीच्या आदल्या दिवशीच, आग लागली तेव्हा इथे बसून आम्हा सर्वांनाच हळहळ वाटली.

माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी आपल्या नाटकात शेजारच्या बंगाली क्लबच्या कलाकारांनाही घेऊ या आणि जमा होणारी रक्कम गरजू रुग्णांना देऊ या. मुख्य भूमिका कोणाची, हा वाद मात्र बाप्पांच्या चरणी ठेवावा.

गणपती बाप्पा मोरया!