पुढच्या चाकांचा पुरस्कर्ता : आंद्रे सित्रोएन

मलकापूराहून मोताळ्यावरून बुलढाण्यास येणाऱ्या प्रत्येकास राजूरचा घाट चढावा लागतो. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तो एस. टी. च्या लाल गाडींतून चढला असेल, कांहींनीं घरच्या मोटारींतून. पावसाळ्याच्या दिवसांत वळणावर गाडी किंचित् सरकली म्हणजे आंतील मंडळींच्या तोंडून देवाचें नांव निघतें. पण ती पुढून सरकली कीं मागून, हें पाहण्याचें भान फारच थोड्यांस राहतें. वस्तुतः तेंच पाहण्यासारखें असतें. यंत्राचा जोर पुढच्या चाकांना मिळतो कीं मागच्या, यावर गाडीचें वळणावरील वागणें बरेंचसें अवलंबून असतें. हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु याच एका प्रश्नावर फ्रान्स देशांतील एका गृहस्थांनीं आपला कारखाना आणि आपली सारी संपत्ति पणास लाविली. त्यांचें नांव आंद्रे सित्रोएन.

त्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ रोजीं पॅरिस येथें झाला. घराणें मूळचें हॉलंडांतील ज्यू. पूर्वजांपैकीं एक जण लिंबें विकीत असे, त्यावरून आडनांव पडलें. आमच्याकडे तेली, सोनार अशीं आडनांवें पडलीं, तशांतलाच तो प्रकार. वडील हिऱ्यांचे व्यापारी होते, आई पोलंडांतील वॉर्सा शहरची. आंद्रे अवघे ६ वर्षांचे असतांना वडिलांनीं आपल्या हातानें आपलें आयुष्य संपविलें, आणि पांच भावंडांत धाकट्या असलेल्या या मुलास आईनें वाढविलें. त्यांच्या बाळपणींच पॅरिसमध्यें आयफेल मनोरा उभा राहत होता. १८८९ सालीं तो पुरा झाला तेव्हां आंद्रे ११ वर्षांचे होते. लोखंडाचा तो डोलारा वर वर चढतांना पाहून, आणि ज्यूल व्हर्न यांच्या अद्भुत कादंबऱ्या वाचून, त्यांच्या मनानें यंत्रविद्येचा ध्यास घेतला असें सांगतात. पुढें एकोल पॉलिटेक्निक या नामांकित विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें.

१९०० सालीं ते पोलंडांत नातलगांकडे गेले असतां तेथें त्यांच्या दृष्टीस एक लांकडी दंतचक्र पडलें. त्याचे दात सरळ नसून बाणाच्या टोकासारखे कोन करून कापलेले होते. असें चक्र फिरतांना आवाज कमी करितें व भार अधिक सोसतें, हें त्यांच्या तत्काळ ध्यानांत आलें. त्यांनीं त्या कल्पनेचे हक्क विकत घेतले आणि तींच चक्रें पोलादाचीं करून विकण्याचा धंदा काढला. सित्रोएन मोटारीच्या नाकावर आजहि जीं एकावर एक दोन बाणाग्रें दिसतात, तीं त्या लांकडी चाकाचीच खूण होय.

पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर पॅरिसमध्यें सीन नदीच्या कांठीं, जाव्हेल भागांत, त्यांनीं १९१५ सालीं तोफगोळ्यांचा कारखाना काढला. युद्ध संपलें तेव्हां गोळ्यांचें गिऱ्हाईक संपलें. त्याच छपराखालीं १९१९ पासून मोटारी तयार होऊं लागल्या. अमेरिकेंत फोर्डसाहेबांचा कारखाना सित्रोएन यांनीं स्वतः पाहिला होता; मोटार ही श्रीमंतांची चैन न राहतां डॉक्टर, शेतकरी आणि दुकानदार यांनाहि घेतां आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह तेथूनच बळावला. १९२९ सालीं त्यांचा कारखाना वर्षास लाखभर गाड्या काढीत होता.

माल खपविण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. हप्त्यानें मोटार विकणें, गांवोगांवीं रस्त्यांवर नांवाच्या पाट्या लावणें, मुलांसाठीं खेळण्यांतल्या मोटारी काढणें, हें सर्व त्यांनीं केलें. १९२५ पासून १९३४ पर्यंत खुद्द आयफेल मनोऱ्यावर विजेच्या दिव्यांनीं त्यांचें नांव झळकत असे. मागच्या चाकांच्या जागीं रबरी पट्टे बसविलेल्या त्यांच्या गाड्यांनीं १९२२ च्या डिसेंबरांत निघून पुढच्या जानेवारींत सहारा वाळवंट ओलांडलें. १९३१ सालीं बैरूतहून पेकिंगकडे निघालेल्या तांड्यांतील दोन गाड्या तर श्रीनगराहून गिलगिटपर्यंत हिमालय चढल्या. जेथें वाट उरली नाहीं तेथें त्या सुट्या करून हमालांच्या पाठीवरून नेल्या. एवढें साहस ज्यांच्या पदरीं, त्यांना जुगाराचाहि नाद होता, हें सांगितल्यावांचून चरित्र खरें होणार नाहीं. दोव्हिल येथील जुगारघरांत मोठमोठ्या रकमा हरतांना लोकांनीं त्यांना पाहिलें होतें.

आतांपर्यंत सांगितलेल्या त्यांच्या सर्व गाड्यांस जोर मागून मिळत असे. त्या काळीं बहुतेक साऱ्या मोटारींची रचना तशीच होती. यंत्र पुढें, त्यापासून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागें जातो आणि मागचीं चाकें फिरवितो. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून पुढें जी पद्मिनी निघाली, तिची रचनाहि अशीच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिच्यांत मागें मधोमध बसलेल्या मनुष्यास पायाखालीं जो उंचवटा लागे, त्याच्या खालूनच हा दांडा जात असे.

या रचनेचा गुण असा कीं, पुढच्या चाकांनीं फक्त वळावें आणि मागच्यांनीं ढकलावें, अशी कामाची वांटणी होते. गाडी चढाला लागली किंवा तिनें जोर घेतला, कीं वजन मागें झुकतें आणि जोर लावणाऱ्या चाकांनाच तें दाबून धरतें. लाल गाडी माणसांनीं खच्चून भरून राजूरचा घाट चढते ती याच आधारावर. परंतु टायरची जमिनीवरील पकड ही महिन्याच्या ठराविक पगारासारखी असते. ती वळण्यांत खर्च झाली तर जोरासाठीं उरत नाहीं, आणि जोरांत खर्च झाली तर वळण्यासाठीं उरत नाहीं. ओल्या वळणावर चालकानें अविचारानें अॅक्सिलरेटर दाबला तर मागच्या चाकांचा पगार संपतो. गाडीचें शेपूट बाहेर फेकलें जातें आणि तोंड आंत वळतें. वेळींच सांवरली नाहीं तर गाडी भोंवऱ्यासारखी फिरते.

आम्ही स्वतः तरुणपणीं एकदां श्रावणांत हा अनुभव घेतला आहे. गाडी एका स्नेह्याची, जुनी, घाट हाच, आणि घाई आमची. शेपूट दरीच्या बाजूस निघालें तेव्हां शेजारीं बसलेल्या वृद्ध चालकानें आमच्या हातावर हात ठेवून, ज्या बाजूस शेपूट जात होतें त्याच बाजूस स्टिअरिंग फिरविलें, आणि पायाकडे बोट दाखवून जोर हलकेच कमी करविला. गाडी सरळ झाली. त्या दिवशीं घाटाच्या माथ्यावर आम्हीं बराच वेळ चहा घेतला.

पुढच्या चाकांना जोर दिला तर सारेंच उलटतें. आपल्या वऱ्हाडांतील धुरकऱ्यास हें समजाविण्याची गरज नाहीं. बंडीचे बैल पुढें असतात. तोंड वळलें कीं ओढहि त्याच दिशेनें वळते. यंत्राचें ओझें जोर लावणाऱ्या चाकांवरच बसत असल्यामुळें ओल्या रेगडीच्या रस्त्यावर रिकामी गाडीसुद्धां चिकाटीनें पुढें जाते, आणि सरळ रस्त्यावर ती डळमळत नाहीं. वळणावर अति जोर दिला तर शेपूट निघत नाहीं. पुढचीं चाकेंच घसरतात, आणि गाडी वळण सोडून सरळ, वळणाच्या बाहेरच्या कडेकडे जाऊं पाहते. घाबरलेला मनुष्य स्वभावतःच अॅक्सिलरेटरवरील पाय काढतो. त्यानें पुढच्या चाकांची पकड परत येते आणि गाडी पुनः आंत वळते. म्हणून नवशिक्यास ही गाडी अधिक क्षमाशील वाटते. मात्र भर वेगांत पाय एकदम काढला तर वजन पुढें झुकून हिचेंहि शेपूट सुटूं शकतें, हें विसरतां कामा नये.

या गाडीचे दोषहि आहेत. वळणें आणि ओढणें हीं दोन्ही कामें दोनच चाकांवर पडल्यानें पुढचे टायर लवकर झिजतात. जोरांत निघतांना स्टिअरिंग हातांत ओढ घेतें. आणि मागें सामान भरून उभा चढ चढूं लागलें तर वजन मागें जाऊन पुढचीं चाकें हलकीं होतात व जागच्या जागीं फिरूं लागतात. जुन्या काळीं असे चढ कांहीं चालक गाडी उलटी फिरवून चढवीत, म्हणजे यंत्राचें ओझें उताराच्या बाजूस राही.

सर्वांत कठीण काम कारागिराचें होतें. जें चाक डावीकडे-उजवीकडे वळतें, वरखालीं हलतें, त्यालाच जोर पोंचविणारा सांधा करावयाचा, आणि तोहि कोणत्याहि कोनांत सारख्या गतीनें फिरणारा. सित्रोएन यांच्या पूर्वीं हें कोणीं केलेंच नव्हतें असें नाहीं. क्यूनो यांची १७७० च्या सुमाराची वाफेची गाडी पुढच्या चाकानेंच चाले, आणि अमेरिकेंत, इंग्लंडांत व जर्मनींतहि १९३० च्या आगेंमागें अशा मोटारी निघाल्या होत्या. परंतु फ्रान्समधील सर्वांत मोठा कारखाना आपलें सर्वस्व या एका कल्पनेवर लावील, असें कोणास वाटलें नव्हतें.

जगभर मंदी होती. गाड्यांचा खप घटत होता. अशा वेळीं १९३३ सालीं सित्रोएन यांनीं जाव्हेलचा जुना कारखाना पाडून त्याच जागीं कर्ज काढून नवा बांधला, आणि लफेव्र नांवाच्या एका कल्पक यंत्रविशारदास हाताशीं धरून नवी गाडी काढण्याचा हुकूम दिला. तिला स्वतंत्र सांगाडा नव्हता. पोलादी अंगच सांगाड्याचें काम करी. पोटाखालचा लांब दांडा नाहींसा झाल्यामुळें अंग जमिनीलगत आलें, पायऱ्या गेल्या, आंतील जमीन सपाट झाली. चाकें चारी कोपऱ्यांवर गेलीं. तिचें रूप बेर्तोनी या इटालियन मूर्तिकारानें घडविलें. या गाडीचें नांव त्राक्स्यों आव्हां, म्हणजे पुढून ओढ. एप्रिल १९३४ मध्यें, आरंभापासून जेमतेम वर्षभरांत, ती लोकांपुढें आली.

हीच घाई नडली. आपोआप बदलणाऱ्या गिअरची योजना ऐन वेळीं फसली, आणि तीन गिअरांची साधी पेटी घाईघाईनें बसवावी लागली. पुढच्या चाकांचे सांधे लवकर निकामी होऊं लागले. ज्यांनीं हौसेनें पहिल्या गाड्या घेतल्या ते त्या दुरुस्तीसाठीं परत आणूं लागले. दोष निवारण्यास वेळ हवा होता आणि वेळेस पैसा हवा होता. सावकारांचा धीर सुटला. १९३४ च्या डिसेंबरांत कारखान्याचें दिवाळें निघालें. सर्वांत मोठे धनको टायरवाले मिशलें. त्यांच्या हातीं सारा कारभार गेला. मनोऱ्यावरील नांव त्याच वर्षीं विझलें होतें. सित्रोएन यांना पोटाच्या कर्करोगानें ग्रासलें, आणि ३ जुलै १९३५ रोजीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें.

गाडी मात्र खोटी नव्हती. सांधे सुधारले, आणि ती वळणावर जमिनीला घोरपडीसारखी चिकटून राहते असा तिचा लौकिक झाला. स्टिअरिंग जड होतें, अरुंद गल्लींत वळविण्यास तिला जागा अधिक लागे. तरीहि लोकांनीं ती १९५७ पर्यंत घेतली, आणि एकूण साडेसात लाखांवर गाड्या निघाल्या. भारतांत १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० निघाली, तीहि पुढच्याच चाकांची. आज घरगुती लहान मोटारी बहुतेक त्याच वळणाच्या आहेत, जरी मालाचे ट्रक अद्यापि मागूनच ढकलले जातात. खुद्द सित्रोएन नांवाची मोटार आपल्या देशांत २०२१ पासून विकली जाऊं लागली.

सित्रोएन यांच्या मृत्यूच्याच महिन्यांत, जुलै १९३५ मध्यें, फ्रांस्वा लकॉ या फ्रेंच खाणावळवाल्यानें त्राक्स्यों आव्हां रस्त्यावर काढली. ऊन, पाऊस, बर्फ कशाचीहि पर्वा न करितां तो ती रोज चालवीत राहिला. सुमारें एक वर्षानें, १९३६ च्या जुलैंत, तो थांबला तेव्हां त्या एका गाडीनें ४,००,००० किलोमीटर अंतर कापलें होतें.