प्रकाशाचा उपासक : नील्स फिन्सेन

ऊन आपल्याकडे इतके विपुल की, त्यासाठी कोणी तळमळत असेल ही कल्पनाच आम्हांला विचित्र वाटे. नील्स फिन्सेन यांचे चरित्र वाचले आणि ती समजूत गळून पडली.

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर, टोर्सहाव्हन या गावी झाला. डेन्मार्कमधील ज्या शाळेत त्यांना प्रथम धाडले, तेथील मुख्याध्यापकांनी या मुलाची बुद्धी बेताचीच असल्याचा निर्वाळा दिला. (प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिणाऱ्या आम्हां शिक्षकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे!) पुढे आइसलँडमधील रेक्याविक येथे शालेय शिक्षण पुरे करून १८८२ साली ते वैद्यक शिकण्यास कोपनहेगनला आले व १८९० मध्ये पदवीधर झाले.

ऐन तारुण्यातच त्यांना एका दुर्धर रोगाने ग्रासले. हृदय आणि यकृत यांवरील आवरणे जाड होत गेली. राहण्याचे घर उत्तराभिमुख. त्यात ऊन येत नसे. अंगातील अशक्तपणा सूर्यप्रकाशाने कमी होईल असे त्यांच्या मनाने घेतले. छपरावरील एक मांजर सावली सरकली की पुन्हा उन्हात जाऊन बसते, हेही त्यांनी टिपून ठेवले. प्रकाशाचा सजीवांवर काय परिणाम होतो, हाच त्यांचा ध्यास झाला.

परंतु ऊन भाजतेही. स्वीडनमधील विडमार्क यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले होते की, कातडी होरपळते ती उष्णतेने नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांनी. फिन्सेन यांनी स्वतःच्याच हातावर काळ्या शाईचे पट्टे ओढले आणि तो हात उन्हात धरला. शाई धुतली तेव्हा तिच्याखालची त्वचा गोरीच राहिली होती. उघडी त्वचा लाल झाली व पुढे रापली. नंतर तोच हात त्यांनी शाईवाचून उन्हात धरला. या खेपेस आधी झाकलेले पट्टे भाजले आणि रापलेला भाग बचावला.

आज दुकानांत मिळणारे सनस्क्रीन शाईचेच काम करते. फक्त कातडी काळी करीत नाही. त्यातील काही द्रव्ये अतिनील किरण शोषून त्यांचे उष्णतेत रूपांतर करतात. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायॉक्साइड यांची चूर्णेही मुख्यतः किरण शोषतात आणि थोडे परतवतात. डबीवरील एसपीएफ हा आकडा प्रामुख्याने भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांविषयी असतो. पुरेसे दाट लावल्यास ३० आकड्याचे मलम असे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, तर ५० चे सुमारे ९८ टक्के. एवढ्याशा फरकासाठी मोठ्या आकड्यामागे धावण्यात आम्हांला अर्थ दिसत नाही. त्वचेत खोल शिरणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनही ते रक्षण करते काय, हे डबीवर आधी पाहावे. मलम दर दोन तासांनी, आणि घाम आल्यास किंवा पोहून आल्यावर त्याआधीही, पुन्हा लावावे लागते. आपण सावळे, आपल्याला त्याची गरज काय, असे आमचे विद्यार्थी विचारतात. सावळ्या रंगाने काही संरक्षण मिळते, पुरते नव्हे. आणि रापणे ही तर त्वचेला इजा झाल्याचीच खूण होय.

फिन्सेन यांची कीर्ती झाली ती मात्र उपचारासाठी. त्वचेच्या क्षयाने त्या काळी माणसांचे चेहरे विद्रूप होत. कार्बनच्या आर्क दिव्याचा प्रखर प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून एकवटून, पाण्याने थंड करून ते रोग्याच्या चेहऱ्यावर सोडू लागले. साधी काच अतिनील किरण बरेचसे अडवते, म्हणून हे स्फटिक. १८९६ मध्ये कोपनहेगनला त्यांची प्रकाशचिकित्सा संस्था उभी राहिली. तोंड लपवून वावरणारी माणसे तेथून बरी होऊन समाजात परतू लागली.

१९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. पण ते घेण्यास स्टॉकहोमला जाण्याइतके त्राण उरले नव्हते. चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या या माणसाने त्यातील मोठी रक्कम रुग्णसेवेच्या संस्थांना देऊन टाकली. स्वतःच्या आहारातील मीठ आणि पाणी मोजून त्यांनी नोंदी ठेवल्या व शरीरात मीठ साचण्याविषयीचा निबंध १९०४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.