‘गदर’चे शिलेदार डॉ. खानखोजे

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत पोहोचले. शिक्षण शेतीशास्त्राचे, ध्यास मात्र सशस्त्र क्रांतीचा होता.

त्या काळी पॅसिफिक किनाऱ्यावरील लाकूड गिरण्यांत व शेतांवर प्रामुख्याने पंजाबी मजूर राबत होते. त्यांतील बहुतेक शीख. पण तेथील वृत्तपत्रांच्या लेखी शीख, मुसलमान, मराठी, बंगाली असे सारेच ‘हिंदू’ होते. हा शब्द धर्माचा नव्हे, वंशाचा शिक्का होता. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने या मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. त्या वेळच्या आपल्या वार्तांकनाबद्दल ‘बेलिंगहॅम हेराल्ड’ने माफी मागितली, ती शंभर वर्षांनी, २००७ मध्ये!

इटालियन स्थलांतरितांनाही अमेरिकी वृत्तपत्रांनी गुन्हेगार ठरवले होते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने अकरा इटालियनांचा बळी घेतला. तरीही कायद्याच्या दृष्टीने ते ‘गोरे’ असल्याने नागरिकत्वाचे दार त्यांना खुले होते. भारतीयांसाठी ते दार सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात बंद केले.

या अपमानाचे मूळ पारतंत्र्यात आहे, असे खानखोजे आणि त्यांचे सहकारी मानत. मजुरांच्या वस्त्यांतून फिरून त्यांनी संघटना बांधली. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ साप्ताहिक निघाले. प्रथम उर्दूत, मग गुरुमुखीत. लाला हरदयाळ यांच्याकडे प्रचाराची, तर खानखोजे यांच्याकडे लष्करी तयारीची धुरा होती. परक्यांच्या वृत्तपत्रांनी ज्यांना केवळ एक नकोसा जमाव मानले, त्यांना या छोट्या साप्ताहिकाने देशाचे सैनिक म्हणून साद घातली. शेकडो मजूर हातचे काम सोडून लढण्यासाठी मायदेशी निघाले. त्यांतील अनेक फासावर गेले.

पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणात ब्रिटिशांविरुद्ध लढले. बर्लिन, मॉस्को असा प्रवास करून १९२४ मध्ये ते मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात अध्यापन करताना मक्यावरील संशोधनाने त्यांनी नाव कमावले. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात, गोरगरिबांच्या पंगतीत पाव मोडणाऱ्या यजमानाच्या रूपात त्यांना रंगवले.

स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले.

अंधेरी-मुलुंडच्या घराघरांतून आज मुले अमेरिकेस जातात. त्यांच्या वाट्याला आलेला सन्मान या पहिल्या पिढीला लाभला नव्हता, याची जाणीव ठेवणे हीच खानखोजे यांना खरी आदरांजली ठरेल.