विखुरलेल्या शेतकऱ्यांची मोट बांधणारे भाऊसाहेब

इंग्रजी अमदानीत कापसाची गाडी घेऊन अमरावती किंवा अकोल्याच्या बाजारात उतरणारा वऱ्हाडी शेतकरी तसा एकटाच असे. मुंबईचा भाव व्यापाऱ्याला तारेने कळे, शेतकऱ्याला मात्र तो अडत्याच्या तोंडून ऐकावा लागे. वास्तविक नियंत्रित कापूस बाजाराची सुरुवात वऱ्हाडातच, कारंजा येथे १८८६ मध्ये झाली होती. १८९७ मध्ये बाजाराचा कायदाही आला. पण माल आज विकावा की थांबावा, हे दहा-वीस एकरांच्या धन्याने कोणाशी बोलून ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते. ते शोधण्याचे काम डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांनी हाती घेतले.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. शेतकऱ्याच्या घरातील हा मुलगा कारंजा, अमरावती, पुणे असे शिक्षणाचे टप्पे पार करीत १९२० मध्ये थेट विलायतेला पोहोचला. बॅरिस्टर होऊन, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमाचा अभ्यास करून ते परतले. अमरावतीत वकिली सुरू केली. १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी झालेल्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. वकिलीत पैसा होता. त्यांचा जीव मात्र जिल्हा कौन्सिलच्या कामात रमला. १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्रिपद आले, १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. कर्जबाजारी शेतकऱ्यांना तडजोडीचा मार्ग दाखविणाऱ्या १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता.

घटना समितीतील सदस्यत्वानंतर १९५२ पासून दहा वर्षे ते केंद्रीय मंत्रिमंडळात शेतीचे काम पाहत होते. दिल्लीत गेल्यावर एक गोष्ट त्यांना प्रकर्षाने जाणवली. व्यापारी-उद्योजकांचा ‘फिक्की’ महासंघ १९२७ पासून सरकारदरबारी वजन राखून होता. कामगारांच्या संघटना होत्या. किसान सभा १९३६ पासून होती, पण ती डाव्या वळणाची. सर्व पक्षांचे, सर्व प्रांतांचे शेतकरी एकत्र बसतील अशी जागा कुठेच नव्हती. शेतकरी हाही लहानसा उद्योजकच. बियाणे, मजुरी, व्याज आणि पावसाची जोखीम तो एकटा अंगावर घेतो. मग त्याला आपल्या पेशातील माणसांची ओळख का नसावी? या विचारातून १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना झाली.

पंजाबचा गहू पिकविणारा आणि वऱ्हाडचा कापूस पिकविणारा यांनी एकमेकांना भेटावे, वाण आणि अवजारे पाहावीत, हा या समाजाचा खरा गाभा. भाताच्या जपानी लागवड पद्धतीचा भाऊसाहेबांनी केलेला प्रचारही याच धाटणीचा होता. शेजाऱ्याचे उभे पीक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेतकरी पद्धत बदलत नाही, हे पापळच्या या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

या प्रयत्नांचा कळस म्हणजे दिल्लीचे जागतिक कृषी प्रदर्शन. कृषक समाजाने भरविलेल्या या प्रदर्शनाचे उद्घाटन ११ डिसेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर जातीने हजर होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांची दालने एकाच मैदानावर उभी होती. दोन्ही महासत्तांना आपली शेती श्रेष्ठ ठरवायची होती. भाऊसाहेबांना खेड्यातून आलेल्या माणसाने दोन्हीकडे डोकावून आपल्या कामाचे तेवढे उचलावे, असे वाटत होते. फेब्रुवारी १९६० पर्यंत हा सोहळा चालला.

अर्थात या जोडणीला मर्यादाही होत्या. मंत्र्याने उभारलेली संघटना सरकारशी भांडणार किती? दिल्लीला येणे परवडणारा शेतकरी मुख्यतः जमीनजुमला बाळगून असलेला. कोरडवाहू तुकड्याचा धनी तिथवर क्वचितच पोहोचे. भाव मागण्यासाठी रस्त्यावर उतरणारी शेतकरी संघटना महाराष्ट्राने पुढे १९७९-८० च्या सुमारास शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पाहिली. भाऊसाहेबांचा पिंड तो नव्हता. ते माणसे जमवीत, त्यांना बोलते करीत, संस्था उभ्या करीत.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला त्यांचेच नाव मिळाले. जयंतीच्या सुमारास या विद्यापीठाने अनेकदा कृषी प्रदर्शने भरविली आहेत. वऱ्हाडच्या गावागावांतून माणसे येतात, अवजारे हाताळून पाहतात, वाणांची चौकशी करतात आणि दुसऱ्या तालुक्यातील अनोळखी शेतकऱ्याशी कपाशीच्या भावावर बोलत उभी राहतात.