चार्ल्स बॅबेज : कारखाने हिंडलेला गणिती

लिंबागणेशचा मुलगा माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीला जातो, अभ्यासक्रमात औद्योगिक अभियांत्रिकी निघते. पालक विचारतात, संगणकवाल्याला कारखान्याशी काय कर्तव्य? त्यांना चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांचे चरित्र सांगावे.

हे केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक. गणनयंत्र करायचे, पण इतके अचूक भाग घडवावेत कसे? म्हणून ते इंग्लंड-युरोपातले कारखाने हिंडले. टाचणी करताना तार ओढणे, टोक काढणे, डोके बसवणे यांना कौशल्य निरनिराळे, म्हणून मजुरीही निरनिराळी, हा हिशेब त्यांनी १८३२ सालच्या ग्रंथात मांडला. नक्षीदार कापडाच्या जकार्ड मागाची छिद्रांची पुठ्ठी त्यांनी पुढच्या यंत्राच्या आराखड्यात घेतली.

सुमारे १७,००० पौंडांनंतर सरकारने हात आखडला. हयातीत एकही यंत्र पुरे झाले नाही. १९९१ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्यांच्या आराखड्यावरून गणनयंत्र बांधले; ते बिनचूक चालले.