गांधीजींच्या माईकवर शिकागो रेडिओ लिहिलेलं असायचं, पण ती कंपनी होती मुंबईची

लग्नसराई सुरू झाली की शहापूर, मुरबाडच्या रस्त्यांवर एक चित्र हमखास दिसतं. टेम्पोत रचलेले बेस आणि टॉप, मागे जनरेटर आणि मिक्सरवर बसलेला एक पोरगा. पौषात म्हशाची यात्रा भरते, तेव्हा तर एका दुकानाचा भोंगा दुसऱ्याला ऐकू देत नाही. हजारो माणसांपर्यंत आवाज पोहोचवणं आता इतकं सोपं झालंय की त्यात काही विशेष वाटत नाही.

पण १०० वर्षांपूर्वी हेच काम अशक्य वाटायचं. ते देशाच्या मैदानांवर करून दाखवलेल्या माणसाचं नाव होतं नानिक मोटवाने.

गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांचे सभांमधले जुने फोटो आठवा. समोरच्या माईकवर अनेकदा शिकागो रेडिओ अशी पाटी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, कंपनी अमेरिकेची असणार. कंपनी होती मुंबईची, आणि मालक सिंधी.

नानिक यांचे वडील ग्यानचंद मोटवाने. त्यांनी १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला धंदा सुरू केला. माल काय, तर बाहेरून मागवलेले टॉर्च आणि बॅटऱ्या. पुढे बिऱ्हाड कराचीला गेलं आणि १९१९ मध्ये मुंबईला आलं. मुंबईत त्यांनी शिकागोच्या एका कंपनीचा टेलिफोन आणि रेडिओचा माल विकायला घेतला. त्यावरून शिकागो हे नाव दुकानाला चिकटलं ते कायमचं.

तिकडे अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी लाउडस्पीकर तयार केला होता. १९१९ मध्ये सॅन दिएगोला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं भाषण त्यावरून हजारोंनी ऐकलं. आपल्याकडे मात्र सभा तोंडी आवाजावरच चालायच्या. पुढच्यांना ऐकू यायचं, मधल्यांना अर्धंमुर्धं कळायचं आणि मागचे नुसतं दर्शन घेऊन घरी जायचे.

त्यात गांधीजींचा आवाज बारीक. वेगवेगळ्या बाजूच्या लोकांना ऐकू यावं म्हणून त्यांना एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जावं लागतंय, हे नानिक यांनी १९२९ च्या सुमारास पाहिलं, असं सांगितलं जातं. लोक मैलोन्‌मैल चालत येतात आणि न ऐकताच परत जातात, ही गोष्ट त्यांना खटकली. यावरचा उपाय त्यांच्या दुकानात होता.

१९३१ च्या मार्चमध्ये कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सरदार पटेल. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी होऊन आठवडाही उलटला नव्हता आणि वातावरण तापलेलं होतं. त्या अधिवेशनात नानिक यांनी आपले लाउडस्पीकर लावले.

ऐकायला सोपं वाटतं, पण त्या काळची यंत्रणा समजून घ्या. माईकमध्ये कोळशाचे बारीक कण असायचे. आवाजाच्या दाबाने ते कण दबायचे आणि त्यातून जाणारा विजेचा प्रवाह कमीजास्त व्हायचा. तो प्रवाह काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर वाढवायचा आणि शेवटी पत्र्याचा कर्णा तो आवाज लांब फेकायचा. व्हॉल्व्ह नाजूक, हादरा बसला की गेला. बहुतेक गावांत वीज नाही, म्हणजे बॅटऱ्याही सोबत न्यायच्या. माईक आणि कर्णा समोरासमोर आले की शिट्टी वाजणार आणि सभेचा विचका होणार.

हे सगळं सामान आणि माणसं घेऊन मोटवाने यांची टीम सभेमागून सभा करत राहिली. काँग्रेसचं काम ते वर्षानुवर्षं पदरमोड करून करत होते. त्यात कंपनीची जाहिरातही होत होती, हे खरंच. पण सरकारच्या नजरेत भरण्याची जोखीमही होती. १९४२ मध्ये तेच घडलं.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. नेते आत गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मग उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टला पहिलं प्रक्षेपण झालं. पोलिसांना चकवायला जागा सारखी बदलली जायची. या कामात शिकागो रेडिओचं सामान आणि तंत्रज्ञ यांची मदत झाल्याचं उषा मेहतांनी पुढे सांगितलं.

१२ नोव्हेंबरला पोलिसांनी रेडिओ पकडला. खटल्यातल्या आरोपींमध्ये नानिक मोटवानेही होते. उषा मेहतांना ४ वर्षांची शिक्षा झाली. नानिक निर्दोष सुटले, पण त्याआधी त्यांना तुरुंगवास भोगावा लागला होता.

याच काळात आपल्या भागात काय चाललं होतं? भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगडावर आजही २ जानेवारीला लोक जमतात. कोतवालांचं नाव इथल्या पोरांनाही माहीत आहे. मोटवाने यांचं नाव मात्र फोटोतल्या पाटीमागेच राहिलं. तिथेही लिहिलं होतं ते शिकागोचं नाव, त्यांचं नाही.

स्वातंत्र्यानंतरही मोठमोठ्या सभांना शिकागो रेडिओचे माईक दिसत राहिले. १९७० मध्ये नानिक मोटवाने गेले. मोटवाने हे नाव आजही नाशिक रोडच्या कारखान्यात जिवंत आहे. तिथे वीज मोजायची आणि तपासायची उपकरणं बनतात. शहापूरवरून कसारा घाट चढून पुढे गेलं की तेच नाशिक.

साउंडच्या धंद्यात आज वॅट मोजले जातात, कुणाचा बेस छातीत धडकतो यावर पैज लागते. रात्री १० नंतर पोलीस येऊन बंद करायला लावतात ते वेगळंच. नानिक यांच्या वेळी हिशोब साधा होता. मैदानात सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाला शब्द कळला की नाही, एवढंच बघायचं.

पुढच्या वेळी गांधीजींचा तसा फोटो दिसला, तर माईकवरची पाटी नीट बघा. फोटोत न दिसणारा एक माणूस तिच्या मागे उभा आहे.