कंदिलाच्या काचा पुसणारे मास्तर

जून उजाडला की आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरं वळकटी-पेटी घेऊन बुलढाणा, चिखली, खामगावच्या वसतिगृहांत येतात. कामानिमित्त माझं अशा ठिकाणी जाणं-येणं असतं. पहिल्या चाचणीत मागे पडलेलं पोर बहुतेक वेळा डोक्याने कमी नसतंच. ते धड जेवलेलं नसतं, ताप अंगावर काढत असतं, नाहीतर आईच्या आठवणीने रात्र रात्र जागं असतं. हे ज्याला नेमकं कळलं, असा मास्तर म्हणजे साने गुरुजी. ‘श्यामची आई’ वाचून आपण सगळ्याच रडलो, पण शाळेतले साने सर आपल्याला फारसे माहीत नसतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. एके काळी घर खोताचं, पण कर्जापायी सगळं गेलं. दापोलीच्या शाळेचा खर्च झेपेना. औंध संस्थानात गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय होते असं कळलं, म्हणून हा मुलगा घरापासून इतक्या लांब गेला. तिथे हाताने रांधायचं, असेल ते खायचं, नसेल तेव्हा उपाशी निजायचं. त्यात प्लेगची साथ आली आणि औंधही सुटलं. मग पुणे. त्या दिवसांवर त्यांनी पुढे ‘धडपडणारा श्याम’ लिहिलं. पुण्यात शिकत असतानाच, १९१७ मध्ये, आई गेली. शेवटची भेटसुद्धा झाली नाही. परगावी एकटं शिकणाऱ्या पोराचं दुःख त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरजच नव्हती.

एम.ए. तत्त्वज्ञानात केलं. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते अभ्यासासाठी आले होते, पण मन रमलं ते तिथल्या शाळेत. १९२४ च्या जूनमध्ये ते शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. स्वभाव इतका भिडस्त की चारचौघांत मान वर करून बोलणं अवघड. मग शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि खरे गुरुजी तिथे दिसले.

छात्रालय म्हणजे मुलग्यांचा कारभार! अंथरुणं तशीच पसरलेली, खोलीत केर, कंदिलाच्या काचा काजळलेल्या, मळके कपडे कोपऱ्यात. दुसरा कुणी असता तर छडी घेऊन उभा राहिला असता, नाहीतर दंड लावला असता. गुरुजींनी हातात केरसुणी घेतली. मुलं शाळेत गेली की हे खोल्या झाडायचे, अंथरुणांच्या घड्या घालायचे, काचा पुसून लख्ख करायचे, मुलांचे कपडे धुऊन टाकायचे. बोलून दाखवणं नाही की टोमणा नाही. संध्याकाळी मुलं येऊन बघतात तर खोली आरशासारखी. पहिल्यांदा त्यांना गंमत वाटली असेल, पण आपले मास्तर हे करतात म्हटल्यावर लाज वाटायला लागली आणि पोरं आपणहून कामाला लागली. कुणी आजारी पडलं तर गुरुजी उशाशी. कुणाची फी अडली तर गुरुजींच्या पगारातून गुपचूप भरली जायची. गुपचूप हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मदत घेतल्याचं ओझं पोराच्या मानेवर राहिलं तर त्याचं अभ्यासात लक्ष कसं लागणार?

मैत्रिणींनो, या यादीत नवं असं काय आहे? झाडणं, घड्या घालणं, काचा पुसणं, आजाऱ्याचं करणं. आपण रोज करतो आणि कुणी त्याची दखलही घेत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका एम.ए. झालेल्या पुरुष मास्तराला हे शिकवण्याचाच भाग वाटलं, त्यात कमीपणा वाटला नाही, हे मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांहून मोठं वाटतं.

अभ्यासाकडे दुर्लक्ष होतं असंही नाही. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. पोरं उठायच्या आत ताजा मजकूर तयार! पुढे ‘विद्यार्थी’ मासिक निघालं. थोरामोठ्यांची चरित्रं, परदेशातल्या गोष्टी, देशाची हालहवाल, सगळं त्यात. ज्याला वर्गात काही कळत नाही, त्यालाही गोष्ट कळते.

सहाच वर्षं ही नोकरी चालली. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी शाळा सोडली आणि मग तुरुंगच तुरुंग. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली, नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली. १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं. पुढच्या वर्षी ‘साधना’ साप्ताहिक काढलं.

११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय अवघं पन्नास. इतक्या मुलांच्या चेहऱ्यावरचं ओळखणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मन किती थकलंय, ते मात्र कुणाला वेळेवर ओळखता आलं नाही. लहान मुलांना हे सांगताना आपण चाचरतो, पण मोठ्या मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं.

मंगळग्रहाच्या दर्शनाला आपल्याकडच्या बायका अमळनेरला जातातच. मलकापूरहून भुसावळ आणि तिथून सुरतकडची गाडी. प्रताप हायस्कूल त्याच गावात आहे.